काळी बुरशी : चाळीतला कांदा, बाजारभाव आणि आरोग्य

भिलाईच्या स्मृति नगरात पावसाळ्याच्या उत्तरार्धात भाजीवाल्याच्या गाडीवरील कांदा हातात घेतला की बोटांना काजळीसारखी भुकटी लागते. वरचे कोरडे साल काढले तर आतल्या पापुद्र्यावर, बहुधा मानेपासून खाली उतरत गेलेल्या शिरांच्या रेषेत, काळे ठिपके व पट्टे दिसतात. हा कांदा बहुतांशी महाराष्ट्रातून येतो. तो मार्च ते मे या काळात शेतातून निघालेला आणि त्यानंतर तीन-चार महिने चाळीत राहिलेला असतो. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत समाजमाध्यमांवर एक संदेश फिरला. कांद्यावरचा हा काळा थर आणि शीतकपाटाच्या रबरी पट्टीवर दिसणारा काळा डाग हाच रुग्णांचा जीव घेणारा ‘ब्लॅक फंगस’ आहे, असा त्याचा आशय होता. अनेक सुशिक्षित घरांनीही तो खरा मानला. प्रत्यक्षात हे दोन अगदी वेगळे जीव आहेत. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. कांद्यावरील काळी बुरशी माणसाच्या फुफ्फुसापेक्षा शेतकऱ्याच्या ताळेबंदाला कितीतरी अधिक जाचते, आणि ही बाजू पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

बुरशीची ओळख

कांद्यावरील या बुरशीचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस नायजर. ‘ॲस्परजिलस’ हे प्रजातिनाम १७२९ साली फ्लॉरेन्सचे धर्मगुरू व वनस्पतिशास्त्रज्ञ पिएत्रो अँतोनिओ मिकेली यांनी दिले. सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीचा देठ व त्यावरील बीजाणूंचा गोल झुपका पाहून त्यांना चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या कुंचल्याची आठवण झाली, म्हणून हे नाव. ‘नायजर’ म्हणजे काळा. ही जाती १८६७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फिलिप व्हान टिघेम यांनी वर्णिली. बुरशीचे तंतू पांढरट असतात, काळा रंग असतो तो बीजाणूंचा. एक बीजाणू जेमतेम तीन ते पाच मायक्रोमीटर व्यासाचा असल्याने तो हवेत सहज तरंगतो आणि श्वासावाटे खोलवर जाऊ शकतो.

ही बुरशी मूलतः मातीत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगते. मृत सेंद्रिय पदार्थांचे विघटन करणे हे तिचे निसर्गातील काम होय. जिवंत पिकावर ती येते ती बहुधा संधिसाधू म्हणून. कोठे तरी साल फाटलेले, मान नीट न सुकलेली, बी अशक्त, असे असले की तिला शिरकाव मिळतो. तिला उष्णता मानवते. २८ ते ३४ अंश सेल्सिअस तापमानात ती जोमाने वाढते आणि बीजाणू रुजण्यास काही तास पृष्ठभागावर ओलावा टिकावा लागतो. जून ते सप्टेंबरमधील चाळीत नेमकी हीच परिस्थिती असते. याउलट तापमान १३ अंशांच्या खाली ठेवल्यास तिची वाढ जवळजवळ थांबते.

आता २०२१ च्या गोंधळाकडे वळू. ज्या आजाराला ‘ब्लॅक फंगस’ म्हटले गेले तो म्युकरमायकोसिस. तो ऱ्हायझोपस व तत्सम बुरशींमुळे होतो आणि या बुरशी रंगाने काळ्या नसतात. त्या रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा बंद पाडतात, ऊती मृत होतात, आणि काळी दिसते ती ही मृत ऊती. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा अतिवापर ही त्या साथीमागील प्रमुख कारणे होती. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना १८९७ च्या साथरोग कायद्याखाली हा आजार अधिसूचित करण्यास सांगितले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत आढळले. अँफोटेरिसिन-बी या औषधाची टंचाई त्या काळात वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर होती. या सगळ्यात कांद्याचा काहीही संबंध नव्हता. रंगावरून रोगाचे नाव ठेवले की असा घोटाळा होतो, आणि एकदा रुळलेले चुकीचे नाव मागे घेणे कोणत्याही परिपत्रकाला साधत नाही.

चाळीतील नुकसान

महाराष्ट्र हे देशातील सर्वांत मोठे कांदा उत्पादक राज्य असून नाशिक जिल्ह्यातील लासलगावची बाजार समिती ही कांद्याची देशातील अग्रगण्य बाजारपेठ मानली जाते. कांद्याचे तीन हंगाम आहेत : खरीप, उशिराचा खरीप म्हणजे रांगडा, आणि रब्बी म्हणजेच उन्हाळ कांदा. देशाच्या एकूण उत्पादनात रब्बीचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे. टिकतो तो हाच कांदा, आणि खरिपाचे नवे पीक येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाची गरज त्यावरच भागते. थोडक्यात, भारताच्या कांद्याचा अर्धवार्षिक साठा कोणत्याही सरकारी गोदामात नसून शेतकऱ्यांच्या चाळींत असतो.

या साठ्यातील नुकसान सर्वसाधारणपणे ३० ते ४० टक्के धरले जाते. हे सारे काळ्या बुरशीचे नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. कांद्यातील पाणी उडून वजन घटते, पावसाळा सरताना कोंब फुटतात, आणि सड होते. सडीतही काळी बुरशी ही एकटी नाही. फ्युजॅरियममुळे होणारी बुडकूज आणि जिवाणूजन्य मऊ सड यांचाही त्यात वाटा असतो. परंतु काळ्या बुरशीचे वैशिष्ट्य असे की ती आत शिरण्याआधी बाहेरून दिसते. कांदा आतून खाण्याजोगा असला तरी काळा पडलेला ढीग लिलावात खालच्या भावाने जातो. वजनाचे नुकसान तराजूवर कळते, प्रतीचे नुकसान मात्र आकडेवारीत फारसे उतरत नाही.

नुकसानीच्या कारणांमध्ये एक अडचणीचा विरोध आहे. हवा कोरडी ठेवली तर वजन घटते. दमट ठेवली तर बुरशी धरते. म्हणून साध्या चाळीसाठी २५ ते ३० अंश तापमान व ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता ही मधली पट्टी शिफारसयोग्य मानली जाते. शीतगृहात शून्य ते दोन अंशांवर कांदा उत्तम टिकतो, पण बाहेर काढताच गार कांद्यावर दव धरते आणि तोच ओलावा बुरशीला हवा असतो. शिवाय कोंबही लवकर येतात. बटाट्याचे शीतगृह कांद्याला जसेच्या तसे चालत नाही, ते यामुळे.

चाळीची रचना याच तर्कावर उभी आहे. जमिनीपासून उंच घेतलेला तळ, खालून व बाजूंनी खेळती हवा, चार-पाच फुटांपेक्षा उंच नसलेला ढीग आणि पाऊस आत येणार नाही असे छप्पर. तथापि चाळीपेक्षाही महत्त्वाचे काम शेतात होते. काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडणे, उपटलेला कांदा पातीसह काही दिवस शेतातच सुकवणे, मानेला तीन-चार सेंटीमीटर ठेवून पात कापणे आणि मग सावलीत दहा-पंधरा दिवस सुकवणे, एवढ्याने मान आवळून बंद होते. बुरशीचा मुख्य दरवाजा मानेतूनच असतो. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या भीमा किरण, भीमा शक्ती यांसारख्या रब्बी वाणांचा साठवणुकीतील टिकाऊपणा चांगला आहे. एन-२-४-१ हा जुना वाणही याच गुणामुळे नाशिक-पुणे पट्ट्यात टिकून राहिला. नत्राच्या जादा मात्रेने कांदा मोठा दिसतो, पण त्याची मान जाड राहते. अधिक उत्पादनाची हाव आणि साठवणक्षमता यांत इथे सरळ तडजोड आहे, आणि खताला मिळणारे अनुदान ती तडजोड चुकीच्या बाजूला ढकलते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एक साधे गणित

उदाहरणादाखल असे समजू की, एका शेतकऱ्याकडे मे महिन्यात १०० क्विंटल कांदा आहे आणि भाव क्विंटलला १,००० रुपये आहे. आज विकला तर एक लाख रुपये मिळतील. पाच महिने ठेवला आणि ३० टक्के घट आली तर ७० क्विंटल उरेल. केवळ तेच एक लाख परत मिळण्यासाठी भाव १,४२९ रुपये हवा. अडकलेल्या पैशावर वार्षिक १२ टक्के दराने पाच महिन्यांचे व्याज ५,००० रुपये धरले तर ना नफा ना तोटा भाव १,५०० रुपये होतो. चाळीचा घसारा आणि निवडणीची मजुरी यात अजून धरलेलीच नाही. आता घट ३० वरून २० टक्क्यांवर आली असे माना. तोच भाव १,३१३ रुपयांवर येतो. म्हणजे घट दहा टक्क्यांनी कमी झाली तर शेतकऱ्याला आवश्यक असणारा भाव क्विंटलमागे सुमारे १८७ रुपयांनी उतरतो.

या १८७ रुपयांत कांद्याच्या राजकारणाचा बराचसा भाग सामावलेला आहे. ज्याची चाळ चांगली नाही तो घट येण्याच्या भीतीनेच मे-जूनमध्ये माल बाजारात आणतो. सर्वांनी एकाच वेळी असे केले की भाव कोसळतात. पुढे दमट पावसाळ्यात अनेकांचा उरलेला साठा एकाच वेळी खराब होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाव चढतात. अर्थात, बुरशी प्रत्यक्ष येण्यापूर्वीच तिच्या भयाने उन्हाळ्यातील भाव पडतो आणि ती आल्यावर शरदातील भाव वाढतो. पहिला फटका उत्पादकाला, दुसरा ग्राहकाला. अतिवृष्टी, हवामान किंवा व्यापाऱ्यांची साठेबाजी ही कारणे आपण नेहमी ऐकतो व ती खोटीही नाहीत. परंतु साठवणुकीतील जैविक घट ही या चढउतारामागील स्थायी यंत्रणा आहे.

सरकारी धोरणाचा प्रतिसाद प्रामुख्याने दोन प्रकारचा राहिला. एक, निर्यातीवरील नियंत्रण : ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य व शुल्कासह ती बंदी उठवणे, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आणणे आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्णतः रद्द करणे. दुसरा प्रतिसाद राखीव साठ्याचा. २०१४-१५ मध्ये स्थापन झालेल्या किंमत स्थिरीकरण निधीतून नाफेड व एनसीसीएफ या संस्था कांदा खरेदी करतात. २०२३ मध्ये हा साठा आधी तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर व नंतर सात लाख टनांवर नेण्याचे ठरले. २०२४-२५ मध्ये सुमारे ४.७ लाख टन खरेदी झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १,६०० टन कांदा घेऊन ‘कांदा एक्स्प्रेस’ ही मालगाडी दिल्लीला पोहोचली. पण सरकारने विकत घेतलेला कांदाही चाळीतच राहतो आणि बुरशी मालकी पाहत नाही. पाच लाख टनांवर पाव हिस्सा घट धरली तरी सव्वा लाख टन कांदा करदात्याच्या खर्चाने नाहीसा होतो. निर्यातीच्या प्रत्येक आदेशावर अग्रलेख लिहिले जातात, चाळीवर मात्र क्वचितच.

चाळीसाठी अर्थसाहाय्य आहे. २००५-०६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २०१४-१५ मध्ये एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात समाविष्ट झाले. त्याच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २५ टनी चाळीचा खर्च १ लाख ७५ हजार रुपये धरून त्याच्या निम्मे अनुदान ठेवले होते. उरलेला निम्मा खर्च आधी स्वतः उभा करणे ज्याला शक्य नाही, तोच मे महिन्यात विकणारा शेतकरी असतो.

किरणोत्सर्गाची मर्यादा

भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. ते २००२ मध्ये कार्यान्वित झाले. (याच केंद्रात प्रक्रिया केलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेस निर्यात झाला, म्हणून परीक्षार्थींना हे नाव परिचित असते.) गॅमा किरणांची अल्प मात्रा कांद्याच्या वाढीच्या केंद्रकाला निष्क्रिय करते आणि कोंब येणे थांबते. मात्र ही मात्रा काही दशक ग्रे इतकीच असते. बुरशीचे बीजाणू मारण्यास तिच्या कितीतरी पट, हजारो ग्रे मात्रा लागेल आणि तीत कांद्याचीच हानी होईल. सबब विकिरणामुळे कोंब टळतात, काळी बुरशी टळत नाही. विकिरण केलेला कांदा पुन्हा दमट चाळीत टाकला तर अर्धा प्रश्न तसाच राहतो. ‘तंत्रज्ञानाने कांद्याचा प्रश्न सुटला’ अशी विधाने वाचताना हा भेद लक्षात ठेवावा.

इतर पिके व विषद्रव्ये

भुईमुगात हीच बुरशी कोवळ्या रोपाचा जमिनीलगतचा भाग कुजवते. रोप मान टाकते, उपटल्यास बुंध्यावर काळी भुकटी दिसते आणि ओळीत खाडे पडतात. बियाण्यास थायरम किंवा ट्रायकोडर्मा यांची बीजप्रक्रिया हा यावरील स्वस्त उपाय होय. ट्रायकोडर्मा हीदेखील बुरशीच. काट्याने काटा काढण्याचा हा प्रकार आहे.

भुईमुगाच्या संदर्भात विद्यार्थी अनेकदा काळ्या बुरशीची व अफ्लाटॉक्सिनची गल्लत करतात. अफ्लाटॉक्सिन तयार करते ती ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवरील बांसवाडा व पंचमहाल भागातील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताचा आजार पसरून सुमारे शंभर माणसे मृत्युमुखी पडली. अवकाळी पावसात भिजलेला मका टाकून देण्याची ऐपत नसणे, हे त्या मृत्यूंचे आर्थिक कारण होते. काळी बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवत नाही; तथापि तिचे काही वाण ऑक्राटॉक्सिन-ए बनवतात. हे विष मूत्रपिंडास घातक असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये त्याला ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हणजे २-ब गटात ठेवले. द्राक्षे, बेदाणे व वाइन यांत ते आढळते आणि त्यामागे नायजरपेक्षा तिची सख्खी बहीण ॲस्परजिलस कार्बोनेरियस अधिक जबाबदार असते. सांगली-तासगावचा बेदाणा परदेशी पाठवायचा तर युरोपीय महासंघाच्या या विषाविषयीच्या मर्यादा पाळाव्या लागतात. बेदाणा रॅकवर सुकत असताना येणारा अवकाळी पाऊस त्यासाठीच धोक्याचा.

आमच्या छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. आधारभूत किमतीने धान खरेदी करताना ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. ती पाळली तरी उघड्यावर रचलेल्या पोत्यांच्या थप्प्या पावसात भिजल्या की दाणा काळवंडतो. ३१ मे २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकार क्षेत्रातील धान्य साठवणुकीची मोठी योजना मंजूर केली, तिचा उद्देश हीच घट गावपातळीवर रोखणे हा आहे.

बुरशीची दुसरी बाजू

या बुरशीला केवळ शत्रू समजणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे ठरेल. पूर्वी सायट्रिक आम्ल इटलीतील लिंबांपासून मिळत असे. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणात ॲस्परजिलस नायजर वाढवून ते विपुल मिळवता येते असे दाखवले, आणि १९१९ मध्ये फायझर कंपनीने त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. लिंबांची मक्तेदारी काही वर्षांतच मोडली. आज जगात दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल बनते, त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्यातील बहुतेक सारे या बुरशीच्या कृपेने. सरबत, जॅम, औषधी गोळ्या, भांड्यांचे साबण यांत ते असते. तिचा कच्चा माल साखर, स्टार्च अथवा मळी. मळीला मद्यार्क व इथेनॉल याखेरीज आणखी कोणता मार्ग असू शकतो, हा प्रश्न महाराष्ट्रातील सहकारी कारखानदारीने जेवढा विचारायला हवा होता तेवढा विचारला नाही.

मानवी आरोग्य

निरोगी माणूस रोज या बुरशीचे बीजाणू श्वासावाटे घेतो आणि त्याला काही होत नाही. तिचा सर्वांत नेहमीचा उपद्रव कानाला होतो. उष्ण व दमट हवामानात कानात खाज, ठणका, दडा बसणे, आणि तपासणीत ओल्या वर्तमानपत्रासारखा थर व त्यावर काळे ठिपके. कान कोरणे आणि कानात तेल घालणे या आपल्या घरोघरच्या सवयी तिला अनुकूल ठरतात. फुफ्फुसाच्या बाबतीत अधिक धोकादायक आहे ती ॲस्परजिलस फ्युमिगेटस. जुन्या क्षयरोगाने फुफ्फुसात राहिलेल्या पोकळीत या बुरशींचा गोळा तयार होऊन रक्ताची थुंकी पडू शकते, व क्षय पुन्हा उलटला असे समजून चुकीचे उपचार होऊ शकतात. भारतातील क्षयरोगाचा भार पाहता ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ बुरशीजन्य रोगकारकांची पहिली प्राधान्य यादी प्रसिद्ध केली. तिच्या अतिगंभीर गटात फ्युमिगेटस आहे, म्युकरमायकोसिसच्या बुरशी त्याखालच्या गटात आहेत, नायजरचा समावेश नाही.

घरात काळा डाग असलेला कांदा आल्यास वरचे पापुद्रे काढून, धुऊन, आतला स्वच्छ भाग वापरण्यास हरकत नाही. मऊ पडलेला, वास येणारा कांदा टाकून द्यावा. दमेकऱ्यांनी व प्रतिकारशक्ती घटलेल्यांनी तो सोलण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

चाळ फोडल्यावर कांदा निवडण्याचे काम मात्र दुसऱ्याकडे देता येत नाही अशा काही व्यक्ती आहेत. बहुतेक ठिकाणी हे काम स्त्रिया करतात. दिवसभर ढिगाशी बसून सडका, काळा, गोल्टी आणि चांगला असे वाटे करताना काळ्या भुकटीचा धुरळा उठत राहतो आणि तोंडावर असतो तो साडीचा पदर. वर मांडलेल्या गणितात निवडणीची मजुरी धरलेली नाही असे म्हटले होते. ती धरली तरी तिच्यात साध्या मुखपट्टीचा खर्च येत नाही, आणि उत्पादन खर्चाच्या ज्या पत्रकांवरून कांद्याच्या रास्त भावाची चर्चा होते, त्यांत त्या स्त्रियांच्या खोकल्यासाठी रकाना नसतो.